अवयवदान : कायदा आधी आला, वाट नंतर तयार झाली

१६ फेब्रुवारी १९६८ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या छातीत दुसऱ्या माणसाचे हृदय बसवले. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातले पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केले, त्याला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. आशियातली ही पहिली शस्त्रक्रिया महापालिकेच्या, गोरगरिबांसाठी चालणाऱ्या रुग्णालयात झाली, ही गोष्ट आजही अभिमानाने सांगावी अशी आहे. रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डॉ. सेन यांनी पुन्हा प्रयत्न केला. तो रुग्णही एक दिवस पुरता पाहू शकला नाही. त्यानंतर मुंबईत यशस्वी हृदयप्रत्यारोपण व्हायला २०१५ साल उजाडावे लागले.

मधली ४७ वर्षे केवळ वैद्यकशास्त्राच्या मर्यादांमुळे गेली, असे म्हणता येणार नाही. दुसऱ्याचे अवयव शरीराने नाकारू नयेत म्हणून लागणारी परिणामकारक औषधे तेव्हा नव्हती, हे खरे. ती १९८०च्या दशकात आली. पण खोलवरची अडचण कायद्याची होती. हृदय थांबले की माणूस मेला, एवढीच मृत्यूची व्याख्या आपल्याकडे मान्य होती. डोक्याला जबर मार लागून मेंदू कायमचा निकामी झालेला, पण व्हेंटिलेटरच्या आधाराने हृदय धडधडत असलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने जिवंतच होता. आणि हृदय, यकृत, फुप्फुसे उपयोगी पडतात ती अशाच माणसाची. रक्तपुरवठा थांबला की हे अवयव फार थोड्या वेळात वाया जातात. १९६८ सालीच अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने मेंदूच्या मृत्यूचे निकष मांडले. भारताच्या कायद्यात ही कल्पना यायला त्यानंतर २६ वर्षे लागली.

डोळ्यांचे तसे नव्हते. हृदय थांबल्यावरही काही तास बुबुळाचा पारदर्शक पडदा काढता येतो, म्हणून नेत्रदानाचा कायदा आधी झाला. मुंबई राज्याने १९५७ सालीच तो केला. त्याआधी, १९४९ साली, वैद्यकीय शिक्षणासाठी मृतदेह मिळावेत म्हणून शरीरशास्त्र अधिनियम झाला होता. पुढे १९८२ साली महाराष्ट्राने मूत्रपिंड प्रत्यारोपणाचाही कायदा केला. या बाबतीत मुंबईचे विधिमंडळ देशाच्या पुढे होते. पण मेंदूमृत्यूला मान्यता नसल्यामुळे मृत माणसाचे मूत्रपिंड मिळवणे कागदावर शक्य आणि व्यवहारात जवळपास अशक्य, अशी स्थिती राहिली.

जी जागा दानाने भरायची, ती बाजाराने भरली. सायक्लोस्पोरिन हे औषध हाती आल्यावर नात्यात नसलेल्या माणसाचे मूत्रपिंडही टिकू लागले. मग मुंबई, मद्रास, बंगळूर या शहरांत पैसे मोजणारा रुग्ण, पैशासाठी मूत्रपिंड देणारा गरीब आणि मधला दलाल अशी साखळी उभी राहिली. परदेशांतूनही, विशेषतः आखातातून, रुग्ण मुंबईला येत. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात संयुक्त अरब अमिरात आणि ओमानमधल्या डॉक्टरांनी अशा शंभरावर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुंबईत मूत्रपिंड विकत घेऊन परतलेल्या या लोकांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त होते. काहींनी कावीळ आणि एचआयव्हीचा संसर्गही सोबत नेला होता. विकणाऱ्याचे पुढे काय झाले, याचा अभ्यास मात्र त्या काळात कोणी फारसा केला नाही.

या व्यापाराची लाज वाटूनच सरकार हलले. १९९१ साली केंद्राने डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने संसदेला थेट कायदा करता येत नव्हता. राज्यघटनेच्या २५२ व्या कलमानुसार दोन किंवा अधिक राज्यांनी ठराव करून विनंती केली, तर संसद त्यांच्यासाठी कायदा करू शकते. तसे ठराव महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या तीन राज्यांच्या विधानसभांनी आणि जेथे होती तेथे विधान परिषदेनेही केले. त्यातून १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून या तीन राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. इतर राज्यांनी तो नंतर एकेक करून स्वीकारला. आंध्र प्रदेशाने स्वतःचा वेगळा कायदा केला.

राष्ट्रपतींची संमती ८ जुलै १९९४ची. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच ३ ऑगस्टला दिल्लीच्या 'एम्स'मध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातले पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले.

या कायद्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. मेंदूस्तंभाचा मृत्यू म्हणजे मृत्यू, हे मान्य केले. तो एकट्या डॉक्टरने जाहीर करायचा नाही, चार डॉक्टरांच्या मंडळाने करायचा आणि सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करूनच करायचा, असे बंधन घातले. दुसरे म्हणजे अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. जिवंतपणी अवयव द्यायचा तर तो आईवडील, मुले, भावंडे किंवा पती-पत्नी यांनाच देता येईल, बाहेरच्या कोणाला 'जिव्हाळ्यापोटी' द्यायचा असेल तर समितीची परवानगी लागेल, असे ठरले. याच जिव्हाळ्याच्या वाटेने पुढची कित्येक वर्षे दलाल आत येत राहिले. परवानगीसाठी खोटी नाती उभी राहिली, खोटी कागदपत्रे तयार झाली.

माझ्या मते या कायद्याची खरी उणीव मात्र वेगळी होती. काय करायचे नाही, हे त्याने बारकाईने सांगितले. मेंदूमृत रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलायचे कोणी, हे मात्र कोणाच्याच कामात बसवले नाही. एखाद्या घरातला तरुण मुलगा अपघातात जातो. डॉक्टर सांगतात, मेंदू गेला. पडद्यावर तर ठोके दिसत आहेत, अंगाला ऊब आहे. अशा वेळी त्या आईवडिलांनी मन घट्ट करून होकार दिला, तरी पुढे काय? अपघात म्हणजे पोलीस केस. पंचनामा, पोलिसांचे पत्र, शवविच्छेदनासाठी सरकारी रुग्णालय. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करायचे नाही, असा इंग्रजांच्या काळापासूनचा रिवाज. देह ताब्यात मिळायला दुसरा दिवस, कधी त्याहून उशीर. तोवरचे अतिदक्षता विभागाचे बिल कोणी भरायचे, हाही प्रश्न. सरकारने दानाचे आवाहन करायचे आणि दान करू पाहणाऱ्याला दारोदार फिरवायचे, असे बरीच वर्षे चालले. त्यामुळे १९९५ नंतरच्या पहिल्या दशकात मृत दात्यांची संख्या देशभर तुटपुंजीच राहिली.

या काळात ज्यांनी वाट तयार करण्याचे काम केले, ते बहुतेक रुग्णालयांतले डॉक्टर आणि छोट्या स्वयंसेवी संस्था होत्या. चेन्नईत १९९७ साली डॉ. सुनील श्रॉफ यांनी मोहन फाउंडेशन सुरू केले आणि नातेवाइकांशी बोलणारे समन्वयक घडवायला घेतले. मुंबईत २००० साली राज्य सरकारच्या पुढाकाराने विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र उभे राहिले. शीव रुग्णालयातल्या मूत्ररोगतज्ज्ञ डॉ. वत्सला त्रिवेदी यांचा त्यात मोठा वाटा होता. या केंद्राचे महत्त्व बाहेरून पाहणाऱ्याला लवकर ध्यानात येत नाही. प्रत्येक रुग्णालयाची वेगळी यादी असेल, तर मिळालेला अवयव कोणाला जाणार हे रुग्णालय ठरवते. यादी एकच असेल आणि नियम सर्वांना ठाऊक असतील, तर 'पैसेवाल्याला आधी मिळाले' या संशयाला आधार कमी उरतो. पुढे पुणे, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथेही अशी केंद्रे झाली.

खरे वळण मात्र तमिळनाडूत आले, आणि तेही एका वाईट बातमीतून. २००७च्या जानेवारीत उत्तर चेन्नईतल्या एर्णावूर या वस्तीतल्या अनेक बायकांनी मूत्रपिंडे विकल्याचे उघड झाले. २००४च्या त्सुनामीत घर आणि धंदा गेलेली ही मच्छीमारांची कुटुंबे होती. पुढच्याच वर्षी, २००८च्या जानेवारीत, दिल्लीजवळच्या गुडगावमध्ये मूत्रपिंडांच्या व्यापाराचे मोठे प्रकरण बाहेर आले आणि देशभर खळबळ माजली. केवळ धरपकड करून हा बाजार थांबणार नाही, मृत दात्यांकडून अवयव मिळायला लागले तरच त्याचे पाय कापले जातील, हे तमिळनाडू सरकारने ओळखले.

त्यांनी मोठी घोषणा केली नाही. डॉक्टर, पोलीस, न्यायवैद्यक तज्ज्ञ, रुग्णालयांचे चालक यांना एकत्र बसवले, कुठे अडते ते विचारले आणि २००८ मध्ये एकामागून एक शासकीय आदेश काढले. मोठ्या रुग्णालयांनी मेंदूमृत्यू ओळखून जाहीर करणे बंधनकारक. पोलिसांची कागदपत्रे कशी आणि किती वेळात पूर्ण करायची, याची ठरलेली पद्धत. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी अवयव काढले जात असतानाच आपली तपासणी करावी, म्हणजे घरच्यांना पुन्हा थांबावे लागू नये. अवयववाटपाची एकच यादी, आणि त्यात सरकारी रुग्णालयातल्या रुग्णांना न्याय्य वाटा. या कार्यक्रमाची जबाबदारी डॉ. जे. अमलोर्पवनाथन या सरकारी रुग्णालयातल्या रक्तवाहिनी-शल्यचिकित्सकाकडे दिली. खासगी रुग्णालयांनी त्यांचे ऐकले, याचे एक कारण असे की या वाटपात त्यांचा स्वतःचा काही लाभ नव्हता.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चेन्नईजवळच्या एका डॉक्टर दांपत्याचा पंधरा वर्षांचा मुलगा मोटरसायकलच्या अपघातात मेंदूमृत झाला. आईवडिलांनी त्याचे अवयव दिले. हृदय शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयात न्यायचे होते. वाहतूक पोलिसांनी गर्दीच्या वेळी रस्ता मोकळा करून दिला आणि ते काही मिनिटांत एका लहान मुलीपर्यंत पोहोचले. तमिळ वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी ही हकीकत घरोघरी नेली. आठवड्याभरात लोक स्वतःहून रुग्णालयांत विचारू लागले. या मुलाच्या आईवडिलांचे मोठेपण शब्दांत मावणारे नाही. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. आदेश आधीच निघालेले होते, म्हणून लोकांच्या मनात उठलेली लाट वाया गेली नाही. चौकशी करायला आलेल्या कुटुंबाला पुढे नेणारी माणसे आणि कागद तयार होते. पुढची अनेक वर्षे मृत दात्यांच्या संख्येत तमिळनाडू देशात आघाडीवर राहिले. राज्याच्या आरोग्य विम्यात प्रत्यारोपणाचा खर्च आला आणि चेन्नईच्या सरकारी स्टॅनली रुग्णालयात यकृतप्रत्यारोपण सुरू झाले, त्यामुळे गरिबाच्या घरातून गेलेला अवयव गरिबाच्याही वाट्याला येऊ लागला.

स्पेनचा अनुभव इथे आठवतो. १९७९ साली त्या देशाने कायदा केला, की हयातीत नकार नोंदवला नसेल तर प्रत्येकाची संमती गृहीत धरावी. दहा वर्षे त्याचा फारसा उपयोग झाला नाही. १९८९ साली डॉ. राफाएल मातेसान्स यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना उभी राहिली आणि रुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले गेले. दर दहा लाख लोकांमागे १४ असलेले दाते दहा वर्षांत ३० च्या वर आणि पुढे ४० च्या वर गेले. आणि गंमत म्हणजे आजही तिथे नातेवाइकांना विचारूनच पुढे जातात.

भारताच्या संसदेने हा धडा २०११च्या दुरुस्तीत घेतला. ती १० जानेवारी २०१४ पासून अमलात आली आणि त्याच वर्षी नियम झाले. प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयात समन्वयक नेमल्याशिवाय नोंदणी नाही. अतिदक्षता विभागात मेंदूमृत्यू झाला तर नातेवाइकांना दानाबद्दल विचारणे हे डॉक्टरांचे कर्तव्य. जिथे प्रत्यारोपण होत नाही, अशी रुग्णालयेही अवयव काढण्यासाठी नोंदवता येतील. होकार दिल्यानंतर देह जपण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकायचा नाही. आजी-आजोबा आणि नातवंडे जवळच्या नात्यात आली. व्यापारासाठी शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि दंड एक कोटी रुपयांपर्यंत वाढला. दिल्लीत राष्ट्रीय संघटना आणि देशात पाच ठिकाणी प्रादेशिक केंद्रे झाली. पश्चिम विभागाचे केंद्र केईएममध्येच आहे.

महाराष्ट्राला याचा लाभ ऑगस्ट २०१५ मध्ये दिसला. पुण्यात मेंदूमृत झालेल्या एका महिलेच्या नातेवाइकांनी तिचे हृदय दिले. पुणे आणि मुंबई पोलिसांनी दोन्हीकडचे रस्ते मोकळे केले, मधला टप्पा विमानाने पार झाला आणि मुलुंडच्या रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांनी ते एका तरुणाला बसवले. 'ग्रीन कॉरिडॉर' हा शब्द तेव्हापासून मराठी वर्तमानपत्रांत रुळला. २०१६ साली ३० ऑगस्टपासून तीन दिवस राज्यभर महाअवयवदान अभियान झाले, गावोगावी फेऱ्या निघाल्या, हजारोंनी अर्ज भरले. पण त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात खोट्या कागदपत्रांवर मूत्रपिंडांचा व्यवहार झाल्याचा गुन्हा दाखल होऊन पुढे डॉक्टरांना अटक झाली होती. भरलेल्या अर्जालाही मर्यादा आहे. ऐनवेळी निर्णय घरच्यांचाच असतो आणि त्यांना आधी कोणी काही सांगितलेले नसेल, तर पाकिटातले कार्ड फारसे उपयोगी पडत नाही.

विश्वास तुटला की काय होते, ते केरळने दाखवले. २०१२ साली 'मृतसंजीवनी' नावाने तिथे सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि २०१५ साली ७६ मृत दाते झाले. मग खासगी रुग्णालये अवयवांसाठी रुग्णांना घाईने मेंदूमृत ठरवतात, असा आरोप झाला. प्रकरण न्यायालयात गेले, समाजमाध्यमांवर पसरले. २०१७ साली संख्या १८ वर आली, २०१८ साली अवघी आठ. लोकसंख्या तीच, रुग्णालये तीच, दानाची महती सांगणारी पत्रकेही तीच. केरळ सरकारने चार डॉक्टरांत एक सरकारी सेवेतला असलाच पाहिजे असा दंडक घातला. २०२० साली त्याहून महत्त्वाचे पाऊल टाकले : दान होवो वा न होवो, मेंदूमृत्यू जाहीर करण्याची कार्यपद्धती ठरवून दिली. मला हे पाऊल फार मोलाचे वाटते. केवळ अवयव हवे असतील तेव्हाच मृत्यूची ही व्याख्या पुढे येत असेल, तर शोकात बुडालेल्या माणसाने शंका घेणे स्वाभाविक आहे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने सूर्यास्तानंतरच्या शवविच्छेदनाची आडकाठी काढली. पुरेसा उजेड आणि सोयी असलेल्या रुग्णालयात रात्रीही ते करता येईल आणि अवयवदानाच्या प्रकरणांना प्राधान्य मिळेल, असे ठरले. खून, बलात्कार, आत्महत्या यांसारखी संशयास्पद प्रकरणे सामान्यतः वगळली. इंग्रजी अमदानीत कंदिलाच्या उजेडात रंग नीट दिसत नसत, म्हणून पडलेला हा रिवाज विजेचे दिवे येऊनही शतकभर तसाच होता.

२०२३ साली मृत दात्याच्या अवयवासाठी कोणत्याही राज्यातल्या रुग्णाला कुठेही नाव नोंदवता यावे, ६५ वर्षांची वयोमर्यादा आणि नोंदणी शुल्क नसावे, असे केंद्राने राज्यांना कळवले. अवयव देणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना ४२ दिवसांची विशेष रजा मिळाली. सप्टेंबरमध्ये तमिळनाडूने मृत दात्यांवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्याचे जाहीर केले, पुढच्या फेब्रुवारीत ओडिशानेही. जिल्ह्याचा अधिकारी फुले घेऊन एखाद्या शेतमजुराच्या दारात उभा राहतो, तेव्हा त्या गावात अवयवदानाविषयीची भीती किती कमी होत असेल, याचा हिशोब आकड्यांत सहज मांडता येणार नाही.

जे आकडे आहेत, ते असे : देशात २०१३ साली ४,९९० प्रत्यारोपणे झाली, २०२३ साली १८,३७८. मृत दात्यांनी त्या वर्षी प्रथमच हजाराचा टप्पा ओलांडला, १,०९९. दहा लाखांमागे एकही नाही. म्हणजे दहा वर्षांतली वाढ प्रामुख्याने जिवंत दात्यांची आहे, आणि २०२३ सालच्या जिवंत दात्यांत ९,७८४ स्त्रिया होत्या, ५,६५१ पुरुष. आईने मुलाला दिले, बायकोने नवऱ्याला, बहिणीने भावाला. मृत दाते पुरेसे असते तर यांतल्या कित्येकींना शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागले नसते. ४२ दिवसांची रजा सरकारी नोकरी असलेल्या दात्याला मिळते. या स्त्रियांपैकी जी घर सांभाळते, शेतात राबते किंवा दुसऱ्यांची धुणीभांडी करते, तिच्यासाठी अजून असा एकही आदेश निघालेला नाही.